नेवार्कच्या नोन्ना: सासूबाईंच्या लहानपणातले इटालियन आजी-आजोबा

सातारकर_सून

माझ्या सासूबाई १९४७ सालच्या, जन्म न्यू जर्सीतला. एरवी मोजकं बोलतात, पण आजी-आजोबांचा विषय काढला की थांबत नाहीत. आईचे आईवडील, म्हणजे त्यांचे नोन्ना आणि नोन्नो, नेपल्सच्या पूर्वेला डोंगरात कापोसेले नावाचं गाव आहे, तिथले. नोन्नो १९०९ला एकटे आले, रेल्वेच्या रुळांवर कुदळ-फावडं मारलं, परत गेले, लग्न केलं आणि १९१३ला बायकोला घेऊन आले ते कायमचे. अशी ये-जा करणारे तेव्हा पुष्कळ होते. दक्षिण इटलीतल्या गड्याचा बेत साधारण एकच असायचा: चार पैसे जोडायचे, गावी जमीन घ्यायची.

न्यू जर्सीतल्या नेवार्क शहराच्या फर्स्ट वॉर्ड या वस्तीत कापोसेलेची इतकी माणसं होती, की नोन्नाला इंग्रजी शिकायची गरजच पडली नाही. भाजीवाला गावचा, न्हावी गावचा, देवसुद्धा गावचा. संत जेरार्दोचं मूळ स्थान कापोसेलेजवळच आहे. नेवार्कच्या सेंट लुसी चर्चमध्ये दर ऑक्टोबरला त्याची जत्रा भरते, मिरवणुकीत मूर्तीला डॉलरच्या नोटा टाचतात. हा गरोदर बायकांचा संत. मला दिवस गेले तेव्हा सासूबाई मला तिथे घेऊन गेल्या आणि संताचा पांढरा रुमाल हातात ठेवला, उशीखाली ठेव म्हणाल्या. मी ठेवला. साताऱ्याहून आईनेही अंगारा पाठवला होता, तोही तिथेच होता.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. नोन्ना घरीच शिवणकाम करायची. कारखान्यातून कोटांचे गठ्ठे यायचे, अस्तर लावायचं, काजं करायची, नगावर पैसे. सासूबाईंच्या वेळेपर्यंत ते काम सुटलं होतं, पण नोन्नाच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक खडबडीत होतं. ती गालावरून हात फिरवायची तेव्हा ते टोचायचं, हे त्या आजही स्वतःचं बोट गालावर घासून दाखवतात.

नोन्नोचा जीव दोन गोष्टींत. एक दारू. म्हणजे वाइन हो. सप्टेंबर-ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाहून द्राक्षांच्या पेट्या रेल्वेने यायच्या. मालधक्क्यावर म्हातारे द्राक्ष दाताखाली दाबून, बी थुंकून, तासभर भाव करायचे. मग तळघरात लाकडी दाबयंत्र. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती, तरी घरच्यापुरता फळांचा रस करायला मुभा होती, वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. रस पुढे आपोआप आंबतो, त्याला कायदा काय करणार?

दुसरी गोष्ट अंजिराचं झाड. इमारतीमागे पावलभर अंगण, त्यात ते. जर्सीची थंडी अंजिराला सोसत नाही. म्हणून नोव्हेंबरात नोन्नो फांद्या दोरीने गोळा करून बांधायचे, वरून जुने कोट, गालिच्याचे तुकडे, डांबरी कागद, आणि शेंड्यावर पालथी बादली, आत पाणी जाऊ नये म्हणून. सासूबाई त्याला भ्यायच्या, कारण रात्री खिडकीतून टोपी घातलेला माणूस उभा दिसायचा. काही लोक तर एका बाजूची मुळं तोडून झाड आडवं करून चरात पुरायचे आणि वसंतात परत उभं करायचे.

नाताळच्या आदल्या रात्री मासे. मांस वर्ज्य. बाकाला, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा, तीन दिवस पाण्यात. पाणी बदलायचं काम नातवंडांचं. आणि न्हाणीच्या टबात जिवंत वाम. त्या दोन-तीन दिवसांत आंघोळ कुठे करायची हा प्रश्न कुणालाच पडायचा नाही.

आता ज्यासाठी मी हा धागा काढला ते. सासूबाईंना इटालियन येत नाही. खाण्याचे शब्द, शिव्या आणि एक प्रार्थना, बस्स. त्यांच्या आईला सगळं येत होतं, पण ती मुलांशी एक शब्द बोलली नाही. 'अमेरिकन व्हायचं होतं ना' एवढंच उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकत आले. नोन्ना गेल्यावर विम्याच्या कागदांत एक गुलाबी पुस्तिका सापडली होती, ती सासूबाईंनी जपून ठेवली होती, पण कुणाला दाखवली नव्हती. मला दाखवली. आत नोन्नाचा फोटो, बोटाचा ठसा, सहीच्या जागी फुली. साल १९४२.

झालं होतं असं, की नोन्नो १९२६ला अमेरिकन नागरिक झाले. १९२२पर्यंत नवरा नागरिक झाला की बायको आपोआप व्हायची. त्या वर्षी कायदा बदलला, बायकोने स्वतंत्र अर्ज करायचा. त्यासाठी इंग्रजी बोलता यायला हवं. नोन्नाला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. ती इटलीचीच राहिली. डिसेंबर १९४१मध्ये अमेरिका आणि इटलीत युद्ध जाहीर झालं आणि तिच्यासारखे सुमारे ६ लाख लोक एका दिवसात 'शत्रू परदेशी' ठरले. पोस्टात जाऊन नोंदणी, ठसे, फोटो. घरात शॉर्टवेव्ह रेडिओ नको, कॅमेरा नको. रस्त्यांवर पोस्टर: शत्रूची भाषा बोलू नका, अमेरिकन बोला. आणि हिचा मुलगा, सासूबाईंचा मामा, त्याच वेळी अमेरिकन सैन्यात! १२ ऑक्टोबर १९४२ला, कोलंबस डेच्या दिवशी, सरकारने इटालियनांवरचा तो शिक्का काढला. पण घरातली भाषा तेव्हा जी दबली ती दबलीच. पाच वर्षांनी सासूबाई जन्मल्या, त्यांच्या वाट्याला बाकाला आला, भाषा नाही.

फर्स्ट वॉर्डही राहिला नाही. १९५०च्या दशकात सरकारने झोपडपट्टी ठरवून तो बराचसा पाडला आणि उंच इमारती उभ्या केल्या. नाव काय दिलं? कोलंबस होम्स. त्या इमारतीही १९९४ला पाडल्या. चर्च तेवढं उभं आहे. नोन्नो-नोन्ना मुलीकडे बेलव्हिलला गेले, अंजिराची फांदी घेऊन.

तुमच्या घरात, शेजारात, सासरी असे कुणी इटालियन आजी-आजोबा आहेत का? लिहा. सासूबाईंना मी सगळं वाचून, सांगून दाखवणार आहे.

---

मुक्ता२२

किती सुंदर लिहिलंयस गं. एक प्रार्थना येते म्हणालीस, ती कुठली?

---

सातारकर_सून

@मुक्ता२२, दृष्ट काढायची! नजर लागण्याला माल्ओक्यो म्हणतात. डोकं दुखतंय, बाळ किरकिरतंय, की नोन्ना थाळीत पाणी घ्यायची, त्यात बोटाने ऑलिव्ह तेलाचे थेंब सोडायची. थेंब पसरले की नजर लागली. मग पुटपुटत क्रूस काढायचा, पुन्हा थेंब, ते गोल राहीपर्यंत. ती प्रार्थना फक्त नाताळच्या आदल्या रात्रीच शिकवायची, एरवी शिकवली तर गुण जातो. सासूबाईंना चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साला (प्रार्थनेला) निघताना जिन्यात शिकवली. मला अजून शिकवलेली नाही, सून म्हणून नाही, योग येत नाही म्हणून. दर २४ डिसेंबरला आम्ही दोघी भांड्यांत असतो. माझी मीठ-मोहरी मात्र त्यांनी नातवावर करून घेतलीय, मोहरी तडतडली तेव्हा खूश होत्या.

---

वसईकर

आमच्याकडेही नाताळ असतो, पण सुकी मासळी त्या दिवशी ताटात आली तर घरात मोर्चा निघेल. सात प्रकारचे मासे लागतात असं ऐकलंय. सातच का?

---

सातारकर_सून

सात ख्रिस्ती संस्कारांपासून रोमच्या सात टेकड्यांपर्यंत सगळी कारणं ऐकून झाली. खरं सांगायचं तर सात हा आकडा इटलीपेक्षा अमेरिकेतच जास्त चालतो. तिकडे आदल्या रात्री मासे खातात, मोजत नाहीत. सासूबाई म्हणतात, नोन्नाकडे कधी पाच, कधी नऊ. ज्या वर्षी नोन्नोला काम नसे त्या वर्षी बाकाला आणि शेवया.

---

खडूस

लेख बरा आहे, पण या आठवणी नेहमी अंजीर, वाइन, आजीचा रस्सा अशाच का असतात? माफियाबद्दल कुणाचीच आजी काही बोलत नाही. शिवाय एलिस आयलंडवर (न्यूयॉर्क बंदरात स्थलांतरितांची तपासणी व्हायची तिथे) साहेबांनी यांची आडनावं मोडून टाकली, त्याचं काय? आमच्या ऑफिसात एक आहे, तो हेच सांगतो.

---

कागदी_वाघ

@खडूस, तुमच्या ऑफिसातला एकटा नाही, निम्मी अमेरिका हेच सांगते. पण तसं होत नव्हतं. प्रवाशांची यादी जहाज कंपनी नेपल्स, पालेर्मो अशा बंदरात, निघतानाच करायची. एलिस आयलंडवरचा कारकून ती यादी समोर ठेवून प्रश्न विचारायचा आणि खूण करायचा. दुभाषे होते. नवं नाव लिहायला त्याच्याकडे कागदच नव्हता. नावं नंतर बदलली: शाळेत मास्तरणीने, मुकादमाने हजेरी घेताना, नाहीतर माणसाने स्वतःच, पाटीवर लहान नाव शोभतं म्हणून.

मी हौशी शोधक आहे (बायकोच्या आजोळचं खणलं, बाझिलिकाता प्रांत). कुणाला शोध घ्यायचा असेल तर:

बायका माहेरच्या नावाने शोधा. इटलीत बाईचं नाव लग्नाने बदलत नाही, जहाजाच्या यादीतही माहेरचंच असतं. इथेच लोक अडकतात.

गावाचं नाव हवंच. 'नेपल्स' म्हणजे बऱ्याचदा फक्त बंदर. नागरिकत्वाचा अर्ज, चर्चचं लग्नपत्र, थडग्यावरचा दगड, कुठेतरी गाव सापडतं.

गाव मिळालं की इटालियन सरकारी अभिलेखागारांचं 'अंतेनाती' हे संकेतस्थळ, फुकट. जुन्या नेपल्स राज्यात जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद १८०९पासून आहे, नेपोलियनच्या काळात सुरू झाली. लग्नाच्या जोडकागदांवर तर उडी मारा. नवऱ्यामुलाचा बाप वारलेला असेल तर बापाचा मृत्यूदाखला, आणि कित्येकदा आजोबाचाही, कारण परवानगी द्यायला कोण जिवंत आहे हे दाखवावं लागे. एका लग्नात तीन पिढ्या.

आणि हो, पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. त्यामुळे एका गावात एकाच नावाचे पाच चुलतभाऊ. आईचं नाव जुळल्याशिवाय आपला माणूस समजू नका.

---

सातारकर_सून

@खडूस, माफियाबद्दल आजी बोलत नाही कारण बहुतेक आज्यांकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या काजं करत होत्या. पण त्या शिक्क्याची किंमत मात्र सगळ्यांनी मोजली. १८९१मध्ये न्यू ऑर्लिन्सला पोलीस प्रमुखाच्या खुनाच्या खटल्यात काही इटालियन निर्दोष सुटले, काहींचा निकाल लागला नाही. दुसऱ्या दिवशी जमावाने तुरुंग फोडून ११ इटालियनांना मारलं. १९०७ला वेस्ट व्हर्जिनियात मोनोंगाच्या खाणीत स्फोट झाला, सरकारी आकडा ३६२ मृत, त्यात १७१ इटालियन. १९११ला न्यूयॉर्कच्या ट्रायँगल कारखान्याच्या आगीत १४६ गेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन पोरी. आणि १९२४च्या कायद्याने इटलीचा वर्षाचा कोटा चार हजारांच्याही खाली आणला, जिथून त्याआधी काही वर्षी दोन-दोन लाख माणसं आली होती. तुमचं म्हणणं एका बाबतीत खरं आहे, हेही कुणी सांगत नाही. अंजीर सांगायला सोपं असतं.

---

गिरणगावचा_गण्या

'न्हावी गावचा, देवसुद्धा गावचा' इथेच थांबलो. आमचे आजोबा राजापूरकडून मुंबईला गिरणीत आले ते गावकऱ्यांच्या खोलीत. वीस-पंचवीस गडी, पाळीप्रमाणे झोपायचे, वळकट्या भिंतीला. कुणी आजारी पडला, मेला, तर खोलीचा फंड. इटालियनांतही असं काही होतं का?

---

कागदी_वाघ

होतं तर. गावनिहाय मंडळं, वर्गणी महिन्याची. आजारपणाचे पैसे, अंत्ययात्रेचा बँड, आणि गावच्या संताची मिरवणूक, तिन्हींचा खर्च एकाच पेटीतून. इटली देश झाला १८६१ला, त्यामुळे म्हाताऱ्यांच्या लेखी 'आपला' म्हणजे गावचा. पलीकडच्या डोंगरातला तो परका, त्याची पोर सून म्हणून नको. आणि उतरल्यावर काम लावून देणारा पाद्रोने, म्हणजे मुकादम, तोही बहुधा त्याच मुलखातला. पगारातला वाटा कापायचाच.

---

मेलबर्नची_मावशी

आमच्या शेजारच्या नोन्ना कालाब्रियाच्या. त्या युद्धानंतरच्या लाटेतल्या. १९५१ला इटली आणि ऑस्ट्रेलियाचा करार झाला, बरेच जण त्यातून आले. त्यांचा टोमॅटोचा दिवस म्हणजे आमच्या गल्लीचा सण. इथे तो फेब्रुवारीत येतो, ऐन उन्हाळ्यात. गॅरेजमध्ये सगळं खानदान. टोमॅटो धुवायचे, कापायचे, यंत्रातून दोनदा काढायचे, कारण चोथ्यात रस राहिला तर नोन्ना ओरडतात. जुन्या बियरच्या बाटल्या, प्रत्येकीत तुळशीसारखं ते बेझिलचं पान, झाकण ठोकायचं. मग बाटल्या गोणपाटात गुंडाळून लोखंडी पिंपात, खाली लाकडं पेटवून उकळायच्या आणि रात्रभर पाण्यातच सोडायच्या, नाहीतर फुटतात. माझा मुलगा पाच वर्षांचा होता तेव्हापासून झाकणाच्या खात्यात आहे. पहिल्या वर्षी मी हळूच विचारलं, दुकानात बाटली दीड-दोन डॉलरला मिळते ना? नोन्नांनी असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही.

---

स्क्रँटनकर

पेनसिल्व्हेनियातून. आमच्याजवळ जेसप नावाचं छोटं गाव आहे, कोळशाच्या खाणींचं. तिथे उंब्रिया प्रांतातल्या गुब्बियोचे लोक आले. गुब्बियोत मे महिन्यात संत उबाल्दोच्या नावाने तीन प्रचंड लाकडी मनोरे खांद्यावर घेऊन डोंगर चढत पळतात, तेच इथे जेसपला होतं. पाहिलं नसेल तर पाहा, पालखीचं रिंगण आठवतं.

आणि एक गोष्ट इथल्या म्हाताऱ्यांना मी सांगतो तेव्हा ते चकित होतात. गुब्बियोपासून फार लांब नाही, त्या वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ला नाईक यशवंत घाडगे पडले. मराठा लाइट इन्फंट्रीचे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे, वय २२. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झालेले असताना एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. पुढच्या एप्रिलमध्ये सेनियो नदीवर नामदेव जाधवांना मिळाला, ते जिवंत परतले. मोंतोने गावात घाडग्यांच्या स्मरणार्थ २०२३ला सूर्यघड्याळ उभारलंय. सासूबाईंचे मामा इटलीत लढले का हो?

---

सातारकर_सून

@स्क्रँटनकर, अंगावर काटा आला. मामा पॅसिफिकमध्ये होते, जपानकडच्या आघाडीवर. सासूबाईंना घाडग्यांचं सांगितलं, त्या म्हणाल्या मेणबत्ती लावीन, तारीख कॅलेंडरवर लिहून घेतली.

---

मुक्ता२२

कापोसेलेला गेलात का तुम्ही कधी?

---

सातारकर_सून

सासूबाईंना घेऊन गेलो होतो. नोन्नाचं घर शोधायचं होतं, पण २३ नोव्हेंबर १९८०च्या भूकंपाने तो सगळा मुलूख झोपवला, जवळजवळ ३,००० माणसं गेली. जुन्या गावाच्या जागी बरंच नवं बांधकाम आहे. गल्लीचं नाव होतं, गल्ली नव्हती.

पण मला तिथे वेगळंच काही दिसलं. सेले नदीचा उगम गावातच आहे, कापोसेले म्हणजे सेलेचा माथा. १९०६ला पुलिया प्रांताला पाणी द्यायचा महाकालवा सुरू झाला आणि तो झरा डोंगराखालून पूर्वेकडे वळवला. १९१५ला बारी शहराच्या नळाला कापोसेलेचं पाणी आलं. नोन्नो १९०९ला निघाले. त्यांच्या जाण्याशी याचा किती संबंध ते सांगायला कुणी उरलेलं नाही. करभार, हिवताप, जमीनदारी ही कारणं आधीपासून होतीच. तरी बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून आत पाण्याचा आवाज ऐकताना मला कोयनेच्या धरणग्रस्तांची आठवण झाली. सासूबाई मात्र नळाचं पाणी पिऊन 'गोड आहे' म्हणाल्या आणि दुसरा ग्लास मागितला.

---

बे_एरिया_बंड्या

मुद्द्याचं विचारतो. इटालियन पासपोर्ट मिळतो का तुमच्या अहोंना? माझ्या मित्राला पणजोबांवरून मिळाला.

---

कागदी_वाघ

मित्राने वेळेत अर्ज केला. २८ मार्च २०२५च्या वटहुकमाने आणि मग मे महिन्यातल्या कायद्याने दार बरंच लोटलंय. आता साधारण आई-वडील किंवा आजी-आजोबांपर्यंतच, आणि त्या पूर्वजाकडे फक्त इटालियन नागरिकत्व असावं किंवा मरताना तेवढंच असलेलं असावं. पणजोबा चालत नाहीत. म्हणजे अहोंचं अवघड.

पण @सातारकर_सून, तुमच्या सासूबाईंचं पाहा हं. नोन्ना त्यांची आजी. ती शेवटपर्यंत अमेरिकन झाली नसेल तर मरताना ती निव्वळ इटालियन. बाईकडून येणारी साखळी आणि मूल १ जानेवारी १९४८च्या आधीचं, म्हणजे कोर्टात जावं लागेल, त्यात नोन्नोच्या १९२६च्या नागरिकत्वाचाही कीस पडेल. खरा वकील गाठा, मी वाघ कागदी आहे. पण ती गुलाबी पुस्तिका फेकू नका. शत्रू म्हणून दिलेला कागद इथे कामाचा पुरावा आहे.

---

सातारकर_सून

आत्ताच वाचून दाखवलं. त्यांचं उत्तर जसंच्या तसं: "ज्या कागदाची लाज वाटून माझ्या आईने मला भाषा दिली नाही, त्या कागदावर आता वकील पैसे कमावणार?" मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून: "किती घेतो विचार."

---

खडूस

सासूबाईंना इथे सभासद करा. तुमच्यापेक्षा कमी शब्दांत लिहितील.

---

सातारकर_सून

त्यांना देवनागरी कीबोर्ड दाखवला होता. म्हणाल्या, आधी इटालियन, मग मराठी, ओळीने.